परीक्षण लिहायला सांगता, तर आधी वाचायला द्या : शिक्षण मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
आणि
बालभारतीत इंग्रजीच्या अभ्यासक्रमाचं काम पाहणारी सर्व मंडळी

विषय : बारावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेतला परीक्षणाचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आहेत. घरी सोयाबीन, कापूस, तूर. इंग्रजीशी त्यांची गाठ पडते ती पाठ्यपुस्तकात, परीक्षेत आणि मोबाइलवर. या पत्रात माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगते : परीक्षणाच्या प्रश्नात मुलांना कुठल्यातरी पाहिलेल्या सिनेमावर लिहायला सांगण्याऐवजी कृतिपत्रिकेतच, म्हणजे आताच्या प्रश्नपत्रिकेतच, एक छोटा माहितीपर लेख छापा आणि त्या लेखाचं परीक्षण लिहायला सांगा. पुढे जे लिहिते आहे ते ही मागणी का करावीशी वाटली ते सांगण्यासाठी.

आज हा प्रश्न कसा येतो ते इतर वाचकांसाठी थोडक्यात. बारावीच्या इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची. त्यात लेखनकौशल्याला १६ गुण, आणि त्यांपैकी ४ गुणांसाठी परीक्षण, ब्लॉग किंवा आवाहन यांतलं एक लिहायचं. चित्रपट परीक्षणाची ओळख अकरावीच्या युवकभारतीत होते. बारावीला प्रश्न साधारण असा असतो : तुम्ही नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाचं परीक्षण पुढील मुद्द्यांच्या आधारे लिहा. मुद्दे म्हणजे कथानक, पात्रं, संगीत किंवा इतर वैशिष्ट्यं, संदेश.

दिवाळीची सुट्टी संपली की मुलं एक परीक्षण पाठ करायला घेतात. कुणी गाईडमधलं, कुणी क्लासच्या नोट्समधलं, कुणी मोबाइलवर आलेल्या पीडीएफमधलं. सिनेमे ठरलेले, गेल्या काही वर्षांत गाजलेले दोन-तीन. सराव परीक्षेचा गठ्ठा तपासायला घेतला की एकामागून एक उत्तरपत्रिकेत तोच सिनेमा येतो आणि त्याच क्रमानं तीच विशेषणं येतात. कथानक खिळवून ठेवणारं, अभिनय सहजसुंदर, संगीत श्रवणीय, संदेश काळजाला भिडणारा, सर्वांनी सहकुटुंब पाहावा असा. सिनेमाचं नाव खोडून दुसरं घातलं तरी यातला एक शब्द बदलावा लागत नाही. ज्या मुलानं तो सिनेमा पाहिलेलाच नाही त्यालाही चारपैकी चार मिळू शकतात. आणि ज्यानं एखादा सिनेमा खरोखर पाहिला, ज्याला त्यातला बाप खोटा वाटला आणि ते त्यानं आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, तो दोनवर थांबतो.

यात मुलांचा दोष मला दिसत नाही, तपासणाऱ्यांचाही नाही. प्रश्नाची रचनाच अशी आहे की ज्याचं परीक्षण करायचं ती गोष्ट परीक्षेच्या वेळी समोर नसते. परीक्षकानं तो सिनेमा पाहिलेला असेलच असं नाही. पाहिला असला, तरी मुलाला काय खरंच जाणवलं आणि काय गाईडमधून आलं हे ताडून बघायची त्याच्याकडे सोय नाही. समोर उत्तरपत्रिकांचा ढीग, हातात आदर्श उत्तर. मग चार मुद्दे आलेत का आणि इंग्रजी बरं आहे का एवढंच तो पाहू शकतो, आणि तेवढंच पाहतो. मुलांना हे बरोबर कळतं. परीक्षेत कशाला गुण मिळतात हे ओळखण्यात आमची मुलं अजिबात मागे नाहीत.

दहावीतून येताना ती हेच शिकून येतात. तिथे कवितेचं रसग्रहण असतं : शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. कविता कुठलीही असो, साचा तोच. अलंकाराचं एक उदाहरण आणि यमकाची अक्षरं बदलली की नवी कविता झाली. पुढे दोन वर्षांनी त्याच साच्यात सिनेमा बसतो.

आता दुसरी बाजू, वाचनाची. हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण माझ्या वर्गात ते एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली तेव्हा आम्हा अनेक शिक्षकांना बरं वाटलं होतं, आजही वाटतं. धड्याखालची तयार उत्तरं घोकून उतरवण्याला त्यामुळे बराच आळा बसला. उताऱ्याखाली सहा कृती, प्रत्येकीला २ गुण. पहिली एकूण आकलनाची, दुसरी तपशिलाची, तिसरी अर्थ लावण्याची, चौथी वैयक्तिक प्रतिसादाची, मग व्याकरण आणि शब्दसंग्रह. ज्यांनी ही उतरंड आखली त्यांनी विचार करूनच आखली आहे. पण गेल्या काही वर्षांत तिच्यावरही तोडगा निघाला आहे, आणि तो क्लासमध्ये उघडपणे शिकवला जातो : उतारा वाचत बसू नका. आधी प्रश्न वाचा, त्यातला मोठा शब्द पकडा, तो उताऱ्यात शोधा आणि तिथून पूर्णविरामापर्यंत उतरवून काढा.

हा तोडगा किती चालतो ते पाहायचं असेल तर हे वाक्य घ्या : तिरळूस भेंगडे दर सांजेला मिंडराच्या काठी झोरण गुमटतात. आता प्रश्न. तिरळूस भेंगडे झोरण कुठे गुमटतात? मिंडराच्या काठी. कधी गुमटतात? दर सांजेला. मिंडराच्या काठी झोरण कोण गुमटतं? तिरळूस भेंगडे. तिन्ही उत्तरं बरोबर, पूर्ण गुण, आणि भेंगडा म्हणजे पक्षी की माणूस हे मला, तुम्हाला, कुणालाच माहीत नाही. वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिलं की मुलं हसतात आणि लगेच गप्प होतात. कारण इंग्रजी उताऱ्यावर आपण रोज हेच करतो हे त्यांच्या लक्षात येतं.

तपशिलाच्या कृतीत हे चालणारच, तिथे शोधणं हेच अपेक्षित आहे. माझी तक्रार चौथ्या कृतीबद्दल आहे. वैयक्तिक प्रतिसाद म्हणजे वाचलेल्या मजकुराला दिलेला प्रतिसाद असायला हवा. प्रत्यक्षात उतारा एखाद्या सरोवरावर असला तर प्रश्न येतो, पर्यटनस्थळी स्वच्छता राहावी म्हणून तुम्ही काय कराल? या प्रश्नाचं उत्तर द्यायला उताऱ्याची एक ओळही वाचावी लागत नाही. कचरा कुंडीत टाकू, प्लास्टिक वापरणार नाही, इतरांना समजावून सांगू. पाचवीतलं मूल हे लिहील. लेखकानं काय म्हटलं, ते पटतं का, का पटतं, हे विचारायची जागा कृतिपत्रिकेत आहे आणि ती अशा प्रश्नांवर वाया जाते.

सरोवराचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. लोणार आमच्याच जिल्ह्यातलं. गेल्या वर्षी बारावीच्या वर्गासाठी मी लोणारवर सोप्या इंग्रजीत दोन छोटे मजकूर तयार केले. पहिला पर्यटकांसाठीच्या माहितीपत्रकाच्या धर्तीवर : बसाल्ट खडकात उल्कापातानं तयार झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, खारं आणि अल्कधर्मी पाणी, काठची जुनी देवळं, आणि वय सुमारे ५२,००० वर्षं. दुसरा विज्ञानविषयक लेखाच्या धर्तीवर, जरा कोरडा, आणि त्यात वय सुमारे ५,७०,००० वर्षं. हे दोन्ही आकडे खरोखर छापून आलेले आहेत. पहिला जुन्या मोजणीचा, खडकातली खनिजं शेवटची तापली त्यानंतर त्यांच्यात साठत गेलेल्या ऊर्जेवरून काढलेला. दुसरा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातला, आघातानं वितळलेल्या खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून काढलेला.

मुलांचं पहिलं म्हणणं असं की एका ठिकाणी छपाईची चूक आहे, शून्य जास्त पडलं. मग कुणीतरी म्हणालं की शून्य जास्त पडलं तर ५,२०,००० होतील, ५,७०,००० कसे? तिथून वर्ग जागा झाला. कोणता खरा? दोघांपैकी कोण सांगतो आपण आकडा कसा काढला ते? पहिल्या मजकुरात तो आकडा नुसता सांगून टाकला आहे हे त्यांनी स्वतः शोधलं, आणि त्यासाठी त्यांना तो मजकूर पुन्हा, सावकाश, पहिल्या शब्दापासून वाचावा लागला. मोठा शब्द पकडून पूर्णविरामापर्यंत उतरवण्याचा तोडगा इथे चालत नव्हता, कारण ते जे शोधत होते ते मजकुरात नव्हतंच. जे लिहिलेलं नाही ते लक्षात यायला सगळं वाचावं लागतं.

मग मी त्यांना दोन्ही मजकुरांचं मिळून परीक्षण लिहायला सांगितलं, दहा-बारा ओळी. एका मुलीनं लिहिलं की पहिला लेखक सरोवर सुंदर आहे असं पुन्हा पुन्हा म्हणतो पण वय कुठून आणलं ते सांगत नाही, दुसऱ्याचा लेख वाचताना कंटाळा येतो पण खडक कसा तपासला ते तो सांगतो. म्हणून ती विश्वास दुसऱ्यावर ठेवेल, मात्र धाकट्या भावाला वाचायला पहिला देईल. तिच्या इंग्रजीत क्रियापदांना एस लागलेला नव्हता, दोन वाक्यं अर्धवट होती आणि एक शब्द तिनं मराठीतच ठेवला होता. तरीही परीक्षण म्हणजे काय ते तिनं या ओळींत पुरतं करून दाखवलं होतं. मजकूर कोणासाठी आहे, त्याचं बळ कशात, उणीव कशात, आणि मी कोणाला तो वाच म्हणेन. हीच मुलगी सिनेमाच्या प्रश्नाला खिळवून ठेवणारं कथानक आणि श्रवणीय संगीत लिहिते. बोर्डाच्या परीक्षेत गुण मात्र तिला त्या दुसऱ्या उत्तराला जास्त पडतील.

पुढच्या तासाला आम्ही लोणारच्या गुलाबी पाण्यावरचा मजकूर घेतला. जून २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, सरोवराचं पाणी गुलाबी दिसू लागलं होतं. आमच्या मुलांना ते चांगलं आठवतं, तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती आणि घरोघरी फोनवर ते फोटो फिरत होते. त्या वेळी लोकांनी नाना तर्क केले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला. नमुना स्थिर ठेवला तेव्हा ते जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. माझ्या मजकुरात मी मुद्दाम आधी फक्त शास्त्रज्ञांचं असं म्हणणं आहे एवढंच लिहिलं होतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, कोणते शास्त्रज्ञ? मग मी पूर्ण माहिती असलेला मजकूर दिला. नमुना स्थिर ठेवल्याचं ते एक वाक्य वाचून एका मुलानं लिहिलं की हा पुरावा त्याला पटला, कारण हे त्याला घरच्या ग्लासातल्या गढूळ पाण्यावरून समजतं. रंग पाण्याचा नसून पाण्यातल्या जिवांचा हे त्या वाक्यावरून सिद्ध कसं होतं ते त्यानं स्वतःच्या शब्दांत मांडलं. मला वाटतं, आकलनाची यापेक्षा चांगली परीक्षा कृतिपत्रिकेतल्या सहा कृती मिळून घेत नाहीत.

माहितीपर मजकुरावर माझा इतका जोर का, कथा-कवितांचं काय, असं कुणी विचारेल. कथा-कविता हव्यातच, मी स्वतः त्या जीव लावून शिकवते. पण बारावीनंतर माझ्या मुलांच्या हातात जे इंग्रजी येणार आहे ते जवळजवळ सगळं माहितीपर आहे. विज्ञान शाखेची मुलं तर अकरावीपासून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र इंग्रजीतच वाचतात. प्रवेशाची माहितीपुस्तिका, शिष्यवृत्तीच्या अटी, शैक्षणिक कर्जाचा करार, विम्याची पॉलिसी, औषधाच्या खोक्यातला कागद, कीटकनाशकाच्या डब्यावरचं लेबल. फवारणी करताना विषबाधा होण्याच्या घटना आम्ही विदर्भातली माणसं विसरू शकत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात तर अनेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्यामागे कारणं पुष्कळ होती आणि फक्त लेबल वाचता आलं असतं तर सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरात ते डबे येतात त्याच घरातली मुलं माझ्यासमोर बसतात, आणि त्या बारीक अक्षरातलं काय महत्त्वाचं, काय गाळलंय, हे विचारायची सवय त्यांना कुठेतरी लागायला हवी. इंग्रजीच्या तासाखेरीज ती दुसरीकडे कुठे लागेल हे मला दिसत नाही.

जगभर शाळकरी मुलांच्या वाचनाची चाचणी घेणारी पिसा ही परीक्षा वाचनाकडे तीन अंगांनी पाहते : माहिती शोधणं, मजकूर समजणं, आणि मजकुराचं मूल्यमापन करून त्यावर विचार करणं. आपल्या देशातून २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्यं उतरली होती आणि त्यांचे निकाल तळाजवळ होते. निकालांवर तेव्हा पुष्कळ वाद झाला. तो बाजूला ठेवला, तरी तिसऱ्या अंगाचा प्रश्न आपल्या बारावीच्या इंग्रजीत कुठे आहे हे शोधावं लागतं. आणि त्यासाठी नवा प्रश्न घालायचीही गरज नाही, परीक्षणाचे ४ गुण आधीच ठेवलेले आहेत.

पाठ्यपुस्तकांत साहित्य नाही असंही नाही. दहावीच्या कुमारभारतीत जागतिक वारशाबद्दलचा पाठ आहे, नोबेल पुरस्कार स्वीकारताना केलेलं भाषण आहे, आणि एका पुस्तकाचं परीक्षणसुद्धा पाठ म्हणून आहे. पण दहावीच्या लेखनविभागात परीक्षण विचारलं जात नाही, त्यामुळे तो पाठ वाचला जातो आणि त्यावरून कुणी स्वतः लिहून बघत नाही. बारावीच्या युवकभारतीत बिग डेटावरचा लेख आहे, माणूस प्रवास का करतो यावरचा निबंध आहे. यांतल्या एखाद्या लेखाचं परीक्षण लिहायला सांगितलं असतं तर आम्ही ते वर्षभर वर्गात करून घेतलं असतं. प्रश्न सिनेमावर येतो, म्हणून आम्हीही सिनेमाचंच करून घेतो. परीक्षेत जे येतं तेच वर्गात शिकवलं जातं, हे आपण सगळे जाणतो.

यावर जे आक्षेप येतील ते स्टाफरूममध्ये मी ऐकले आहेत. सगळ्यात मोठा तपासणीचा. मतं प्रत्येकाची वेगळी, मग गुण द्यायचे कसे? माझ्या मते मजकूर छापलेला असला की तपासणी उलट सोपी होते, कारण परीक्षक आणि विद्यार्थी दोघांसमोर तोच कागद असतो. १ गुण मजकुराचा गाभा स्वतःच्या शब्दांत सांगितला असेल तर. २ गुण त्याबद्दलचं मत आणि त्या मताला मजकुरातलाच आधार दिला असेल तर. १ गुण भाषेला. मत कोणतं आहे याला गुण नाही, आधाराला आहे. लेख आवडला म्हणणाऱ्याला आणि नाही आवडला म्हणणाऱ्याला सारखेच गुण मिळू शकतात. परीक्षकानं दिलेले गुण पुन्हा तपासणाऱ्या मॉडरेटरलाही हे पडताळता येईल. सिनेमाच्या परीक्षणात त्याला आज काहीच पडताळता येत नाही.

दुसरा आक्षेप कच्च्या मुलांचा, आणि तो मी मनावर घेते, कारण माझ्या वर्गात अशी मुलं पुष्कळ आहेत. पाठ केलेलं परीक्षण हा त्यांचा हक्काचा आधार आहे. तो काढून घेतला तर ती उत्तीर्ण कशी होणार? म्हणून मजकूर सोपा ठेवा, शंभर-सव्वाशे शब्दांचा. अवघड शब्दांचे अर्थ खाली द्या. वाक्यांच्या सुरुवाती द्या : लेखक सांगतो की, मला हे पटलं कारण, लेखात हे सांगितलेलं नाही की. अशा सुरुवाती दिल्यावर माझ्या वर्गातली सर्वांत अबोल मुलंही चार वाक्यं लिहितात. ती वाक्यं तोकडी असतात, पण त्यांची स्वतःची असतात. आणि पहिली काही वर्षं सिनेमाचा पर्याय ठेवायचा असेल तर ठेवा, विद्यार्थ्यानं दोन्हींतलं एक निवडावं. एकदम पायाखालची वाट काढून घ्या असं माझं म्हणणं नाही.

वेळेचा आक्षेप मला फारसा पटत नाही. शंभर शब्द वाचायला तीन तासांच्या पेपरात वेळ मिळतो.

वाचायला काय द्यायचं हा प्रश्न मात्र खरा आहे. ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी मासिकं येत नाहीत, ग्रंथालयात असलेली इंग्रजी पुस्तकं मुलांच्या आवाक्याबाहेरची असतात. इथे बालभारतीकडेच एक मोठा ठेवा आहे. किशोर मासिक १९७१ पासून निघतं, आणि त्याचे जुने अंक कुणालाही मोफत वाचता येतात. पक्षी, किल्ले, शास्त्रज्ञ, खेळ, नकाशे, यांवर मुलांसाठी लिहिलेले किती लेख त्यात असतील! मराठी विश्वकोशही मोफत उपलब्ध आहे. माझ्या वर्गात मी हे करून पाहते : लेख मराठीत वाचायचा, परीक्षण इंग्रजीत लिहायचं. मुलाला मजकूर पूर्ण कळलेला असतो, त्यामुळे त्याची सगळी ताकद मत मांडण्यावर आणि ते इंग्रजीत आणण्यावर लागते. कच्च्या मुलांना याचा फार उपयोग होतो. बालभारतीनं किशोरमधले निवडक माहितीपर लेख सोप्या इंग्रजीत करून दिले तर नववीपासून बारावीपर्यंत पुरेल एवढं वाचन तयार होईल, आणि ते आपल्या मुलांच्या ओळखीच्या जगातलं असेल. लंडनच्या पुलापेक्षा लोणारवर मत द्यायला आमच्या मुलांना जास्त आवडतं.

१५ ऑक्टोबरला आपण सगळ्या शाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. डॉ. कलामांच्या फोटोला हार घातला जातो, मुलं हातात पुस्तक धरून बसतात, फोटो काढून पाठवले जातात. त्या दिवशी प्रत्येक मुलानं वाचलेल्या एका लेखावर दहा ओळी लिहाव्यात आणि त्या वर्गाच्या भिंतीवर लावाव्यात, एवढी एक सूचना परिपत्रकात घातली तरी पुष्कळ होईल. खर्च शून्य.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण असं की अभ्यासक्रम बदलतो आहे. राज्याच्या नव्या आराखड्यानुसार २०२५-२६ पासून पहिलीची पुस्तकं बदलली, आणि टप्प्याटप्प्यानं ते बारावीपर्यंत येणार आहे. बारावीची नवी पुस्तकं यायला अजून अवधी आहे, म्हणजे विचार करायला आणि काही शाळांत करून बघायला वेळ आहे. पुस्तक आणि कृतिपत्रिकेचा आराखडा यांचं काम एकाच वेळी, एकाच टेबलावर व्हावं अशी माझी विनंती आहे. पुस्तक उत्तम आणि परीक्षेत मात्र भलतंच काही, हे परीक्षणाच्या पाठाबाबत दहावीत झालं आहे, ते पुढे होऊ नये. नमुना कृतिपत्रिका शाळा सुरू व्हायच्या आधी शिक्षकांच्या हातात पडाव्यात, निदान पाच-सहा वेगवेगळ्या मजकुरांसह. नाहीतर जूनमध्ये बाजारात येणारी गाईडं तो साचा ठरवतील आणि लोणारवरचं पाठ केलेलं परीक्षण आम्हाला शेकड्यांनी तपासावं लागेल. दरवर्षी मजकूर नवा आणि विषय वेगळा असेल, एका वर्षी माहितीपत्रक, एका वर्षी बातमी, एका वर्षी सरकारी सूचना, तर पाठ करण्यासारखं काही उरणारच नाही.

गुण देण्याच्या निकषांबरोबर तपासलेल्या उत्तरांचे नमुनेही द्या, विशेषतः चुकीच्या इंग्रजीत लिहिलेल्या पण विचार बरोबर असलेल्या उत्तरांचे. आम्हा परीक्षकांना नेमकी तिथेच अडचण येते. क्रियापदाचा एस राहिला म्हणून किती कापायचे आणि पुराव्याकडे बोट दाखवलं म्हणून किती द्यायचे, यावर एकवाक्यता झाली तर त्या मुलीसारख्या पुष्कळ मुलांना न्याय मिळेल.

मी वर्गासाठी तयार केलेले मजकूर आणि त्यांवर मुलांनी लिहिलेली परीक्षणं समितीला पाहायची असतील तर मी ती पाठवायला तयार आहे, मुलांची नावं काढून आणि त्यांच्या चुका तशाच ठेवून. जिल्ह्यातल्या आणखी काही शिक्षकांनी आपापल्या वर्गात हे सुरू केलं आहे, त्यांच्याकडचे कागदही गोळा करता येतील.

आपली विश्वासू,
इंग्रजीची एक शिक्षिका,
जिल्हा बुलढाणा